आकाशगंगेच्या फोटोत काय दिसत नाही

हा फोटो तुम्ही नक्की पाहिलाय. खाली डोंगराची काळी कड, कडेवर पाठमोरा माणूस, त्याच्या कपाळावरच्या हेडटॉर्चचा झोत सरळ वर गेलेला आणि झोताच्या टोकाला जांभळी-निळी, मधोमध केशरी धुरळा उडालेली आकाशगंगा. माणूस कधी हरिश्चंद्रगडावर असतो, कधी सांदण दरीच्या तोंडाशी, कधी लडाखमध्ये हानलेला. फोटो एकच असतो. गझलेला असतात तसे त्याचे नियम ठरलेले आहेत आणि ते मोडलेले मी फार क्वचित पाहिलेत. कविता किंवा सिनेमा आपण जसा उलगडून बघतो, तसं या फोटोकडे मात्र कुणी बघत नाही. लाइक करतो आणि बोट पुढे सरकतं.

सगळ्यात सोपी टीका म्हणजे ‘हे सगळं फेक असतं’. ती मला पटत नाही. कॅमेऱ्याचा सेन्सर वीसेक सेकंद प्रकाश साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. २०१९ साली पिक्सेल ४ मध्ये आलेला अॅस्ट्रो मोड सोळा-सोळा सेकंदांच्या पंधरा फ्रेम घेऊन एकावर एक रचतो. पंधरा फ्रेमची सरासरी काढली की नॉइज जवळपास चौपट कमी होतो. हे साधं गणित आहे, फसवणूक नाही. रंगही खोटे नसतात. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत, एवढंच. ज्येष्ठा किंवा रोहिणीसारख्या ठळक ताऱ्यांची लाली दिसते, पण आकाशगंगा राखाडीच राहते. (चंद्राच्या धूसर फोटोत खड्डे स्वतःच भरून देणारा फोन ही वेगळी गोष्ट. तो फोटो काढत नाही, आठवणीतून चित्र काढतो.)

माझा आक्षेप दुसरीकडे आहे. हा फोटो आकाश तयार वस्तू म्हणून हातात ठेवतो. मग पुण्या-मुंबईहून टेंपो ट्रॅव्हलरने कॅम्पला गेलेला मुलगा वर बघतो, त्याला ढगासारखा एक पांढुरका पट्टा दिसतो आणि तो म्हणतो, ‘एवढंच?’ हे ‘एवढंच’ मी प्रत्येक कॅम्पवर ऐकलंय. त्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागणार असतात आणि तो दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडत असतो. हेडटॉर्चवाला फोटो तर या बाबतीत कमालच करतो. अंधाराचं सगळ्यात लाडकं चित्र, आणि त्यात माणूस काय करतोय, तर आकाशावर बॅटरी मारतोय. त्याच्या आजूबाजूला उभे असलेल्यांची अर्ध्या तासाची कमाई त्या एका झोतात गेली असणार.

फोटो वाचायची मला एक सवय लागलीये. आधी दिशा बघायची. आकाशगंगेचा सर्वात दाट भाग मूळ नक्षत्राच्या बाजूला आहे. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला सुमारे चाळीस अंशांपर्यंत चढतो आणि नैर्ऋत्येला उतरतो. उत्तरेला कधीही येत नाही. उत्तरेकडच्या सुळक्यावर तो कारंज्यासारखा उभा असेल तर ती जोडाजोडी आहे. मग ऋतू बघायचा. हा भाग रात्रभर दिसायचे दिवस म्हणजे नेमके जून-जुलै, आणि तेव्हा आपल्याकडे पावसाळी ढग. म्हणून इथले खरे फोटो मार्च ते मेमधल्या उत्तररात्रीचे किंवा ऑक्टोबरच्या संध्याकाळचे असतात. या अडचणीतच आपल्या आकाशाचा स्वभाव आहे, आणि कॅप्शनमध्ये तो कधी येत नाही. ‘मृग लागला’ म्हणून शेतकरी पेरणीची तयारी करतो तेव्हा सूर्य मृगात असतो, म्हणजे ते नक्षत्र रात्री दिसतच नाही. ते बघायला थंडीची वाट बघावी लागते.

आता मूळ मुद्दा. गावाकडून काढलेल्या रात्रीच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत क्षितिजावर एक केशरी फुगवटा असतो. तो जवळच्या शहराचा उजेड. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो पुसायची सोय असते, आता तर एका क्लिकवर. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस म्हणून मला त्या अल्गोरिदमचं कौतुक वाटतं. आकाशाच्या पार्श्वभूमीतला चढउतार ओळखून तो वजा करणं हा सुंदर प्रश्न आहे. पण बघणारा म्हणून धास्ती वाटते. कारण आकाश दरवर्षी उजळत चाललंय आणि सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारत चाललंय. गावाचा अंधार संपला तरी फोटोतला अंधार तस्साच राहील. काय गेलं हे आपल्याला फोटोवरून कळणारच नाही.

२०२३ च्या जानेवारीत ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास आला. जगभरातल्या सामान्य लोकांनी २०११ ते २०२२ या काळात नोंदवलेली पन्नास हजारांहून जास्त निरीक्षणं त्यात होती. लोकांनी एवढंच करायचं होतं की नक्षत्राकडे बघायचं आणि दिलेल्या नकाशांपैकी कोणता जुळतो ते सांगायचं. निष्कर्ष असा की आकाशाची चमक वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढतेय, म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. नोंदी मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या होत्या. उपग्रहांनी मोजलेली वाढ याहून बरीच कमी होती, कारण पांढऱ्या एलईडी दिव्यांतला निळा प्रकाश त्यांच्या सेन्सरना नीट दिसत नाही. ज्या डोळ्याला आपण ‘एवढंच?’ म्हणून कमी लेखतो, त्याने उपग्रहाला न दिसलेलं पकडलं.

तरी अंधाराचं गाणं गाताना जीभ थोडी अडखळायला हवी. ‘गावाकडचा निखळ अंधार’ असं कॅप्शन लिहिणाऱ्याला तो शनिवारी रात्री हवा असतो. शेतीपंपाची वीज बऱ्याच ठिकाणी रात्रीच्या पाळीत येते. पाणी द्यायला बांधावरून जाणाऱ्या माणसासाठी तोच अंधार म्हणजे साप, बिबट्या आणि हातातली बॅटरी. खांबावरचा दिवा त्याने मागून, अर्ज करून मिळवलेला असतो. तो दिवा फोटोत ‘डिस्टर्ब’ करतो म्हणून चिडणाऱ्या फोटोग्राफरची बाजू मी घेणार नाही.

म्हणून मला पेंचचं उदाहरण महत्त्वाचं वाटतं. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलले. गावं अंधारात लोटली नाहीत, तर उजेड वर न जाता खाली रस्त्यावर पडेल असे दिवे बसवले. पेंचचे आकाशगंगेचे फोटो मी बरेच पाहिले. त्या दिव्यांचा, खांबाखालच्या उजेडाच्या गोल तुकड्याचा आणि त्यात बसलेल्या माणसांचा फोटो मात्र मला एकही सापडला नाही. मला तो पाहायचाय. तिथलं आकाश त्याच्याच जिवावर टिकलंय.

या फोटोंतून आणखी एक गोष्ट गळते, ती नावं. विदर्भाचा हा पट्टा गोंडांचा. मयंक वाहिया, गणेश हलकारे आणि सहकाऱ्यांनी गोंडांचं खगोलज्ञान गावोगाव जाऊन नोंदवलंय. त्यात मृगाच्या जागी नांगर आहे, सप्तर्षीच्या चौकटीत बाज आहे आणि तिच्यामागे चोर. आकाशगंगा ही गुरांची वाट. ही नावं देणाऱ्यांनी डोळ्यांनीच बघितलं होतं, राखाडी पट्टाच बघितला होता. धुळीने भरलेली वाट म्हणायला तो राखाडीच हवा. जांभळ्या-केशरी फोटोवरून कुणाला गुरं आठवली नसती.

मग चांगला फोटो कसा असतो? माझ्या एका मित्राने भंडारदऱ्याहून उत्तरेकडे कॅमेरा लावून दोन तासांचा स्टार ट्रेल घेतला. ध्रुवाभोवती ताऱ्यांचे तीस-तीस अंशांचे कंस आहेत. ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून वीसेक अंशांवरच, त्यामुळे त्याच्या बरोबर खाली, डोंगररांगेमागे, नाशिकचा केशरी उजेड आलाय. एका विमानाची तुटक रेघ आहे. आणि खालच्या कोपऱ्यात, खाचरांच्या बाजूला, कुणाच्या तरी बॅटरीचा वाकडातिकडा माग. मध्ये एका ठिकाणी तो माणूस थांबला असावा, तिथे उजेडाचा ठिपका झालाय. मित्र म्हणाला, नाशिक आणि ती बॅटरी दोन्ही पुसून पाठवतो. मी म्हटलं, राहू दे, तसाच पाठव.