नसल्यासारखा पत्रा

चाकण-तळेगाव रस्त्यालगत महाळुंग्यात दिवसभर पत्र्याचीच भाषा चालते. गेज किती, स्प्रिंगबॅक किती, कडेला बर राहिली का, डाय कुठे ओरखडतेय. मोटारीच्या दाराचा पत्रा साधारण ०.७ मिलिमीटरचा, मायक्रोमीटरमध्ये धरला की जाडीचा वाद मिटतो. हाच पत्रा अणुकेंद्रांचा अभ्यास करणाऱ्यांच्या मापात मांडला तर दर चौरस सेंटीमीटरला ५५० मिलिग्रॅम भरतो. मुंबईत कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारातल्या पेलेट्रॉन या कणत्वरकावर जे पत्रे लागतात, ते याच मापात १ मिलिग्रॅमच्या आसपास असतात, कधी त्याच्याही बरेच खाली. शिशाचा १ मिलिग्रॅम म्हणजे जाडी एक मायक्रोमीटरपेक्षाही कमी. या पत्र्याला टार्गेट म्हणतात. पत्र्यावर पोट असलेल्या गावातून त्याच्याकडे पाहिलं की त्यातली कारागिरी फार जवळची वाटते.

पेलेट्रॉन १९८८ साली सुरू झाला. भाभा अणु संशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचं हे सामाईक यंत्र. १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंत चढणारं. २००७ पासून त्याच्या पुढे अतिसंवाहक लायनॅक हा रेषीय त्वरकही जोडलेला आहे. लायनॅकच्या तांब्याच्या पोकळ्यांना आतून शिशाचा मुलामा आहे, कारण द्रव हेलियमच्या थंडीत शिसं अतिसंवाहक होतं. एवढ्या मोठ्या यंत्रातून आलेला वेगवान आयनांचा झोत शेवटी पडतो तो चौकटीत बसवलेल्या, नखाएवढ्या पत्र्यावर.

जाडी वजनात का सांगतात? झोताला मिलिमीटरशी देणंघेणं नसतं. वाटेत अणुकेंद्रं किती आली, एवढंच त्याला कळतं. शिसे-२०८ चा १ मिलिग्रॅम एका चौरस सेंटीमीटरवर पसरला तर तिथे सुमारे २.९ गुणिले १० चा १८ वा घात इतकी अणुकेंद्रं येतात. आकडा प्रचंड वाटतो. पण त्या सगळ्यांची मिळून सावली धरली तर क्षेत्रफळाच्या दहा लाखांतले चार-पाच भागच झाकले जातात. बाकीचा झोत आरपार. मग पत्रा जाड का करू नये? केला तर टकरी वाढतील, पण झोताचा प्रत्येक कण पत्र्यातून जाताना थोडी थोडी ऊर्जा गमावतो, आणि सगळे सारखी गमावत नाहीत. दिशाही किंचित ढळते. मग अणुकेंद्राच्या दोन ऊर्जापातळ्या शेजारी शेजारी असतील तर वर्णपटात त्यांची एकच धूसर टेकडी दिसते. या ओढाताणीत नेमकी जागा शोधणं, ही या कलेची पहिली परीक्षा.

शिशाचंच उदाहरण धरू. निसर्गातल्या शिशात २०८ वस्तुमानांकाचा समस्थानिक निम्म्याहून थोडा जास्त, सुमारे ५२ टक्के. उरलेले २०६, २०७ आणि चिमूटभर २०४. भौतिकीला हवा असतो बहुतेकदा २०८: ८२ प्रोटॉन, १२६ न्यूट्रॉन, दोन्ही संख्या भरलेल्या कवचांच्या. तो वेगळा काढलेला मिलिग्रॅमवर विकत घ्यावा लागतो आणि महाग पडतो. त्यामुळे टार्गेट करणाऱ्याच्या हाताला काटकसरीचं वळण लागतं. आमच्याकडे कटिंगचा स्क्रॅप टनाने जातो. तिथे चिमट्याला लागलेला कणही परत डबीत.

टार्गेट करायची पहिली रीत रोलिंगची. आरशासारख्या पॉलिशच्या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याची घडी करायची, घडीत शिशाचा मणी ठेवायचा आणि ती घडी रोलमधून काढायची. प्रत्येक पासला फट अगदी जराशी कमी. दर वेळी आतली चकती फिरवून ठेवायची, म्हणजे ताण एकाच दिशेने साचत नाही. निकेल किंवा मॉलिब्डेनम असेल तर ते मार खाऊन कडक होतं. निर्वातात तापवून मऊ केल्याशिवाय पुढचा पास घेता येत नाही. शिशाचा स्वभाव उलटा. ते खोलीच्या तपमानालाच स्वतःला सावरून घेतं, कडक होतच नाही. पण मऊपणाचा त्रास असा की ते पोलादाला चिकटतं आणि सोडवताना फाटतं. शिवाय स्टीलवर एक मायक्रोमीटर खोल ओरखडा असेल तर तो फॉइलवर उमटतो, आणि फॉइलच तेवढ्या जाडीची असल्यामुळे तिथे भोकच पडतं. दारावरचा ओरखडा रंगाखाली जातो; इथे झाकायला काही नाही.

त्याहून पातळ हवं असेल तर दुसरी रीत, आणि मला जास्त भावते ती हीच. निर्वात घंटेत टँटलमच्या छोट्या बोटीत धातू तापवायचा, त्याची वाफ वरच्या काचेवर बसू द्यायची. इथला हिशेब जीवघेणा आहे. १० मिलिग्रॅम शिशाची वाफ वरच्या अर्धगोलात सारखी पसरली असं धरलं, तर १० सेंटीमीटरवरच्या काचेवर दर चौरस सेंटीमीटरला जेमतेम १६ मायक्रोग्रॅम बसतात. बाकी सगळं घंटेच्या भिंतीवर. काच ५ सेंटीमीटरवर आणली तर चौपट मिळतं, पण मध्यापासून १ सेंटीमीटर बाजूला थर केवळ अंतराच्या फरकानेच ४ टक्क्यांनी पातळ होतो, आणि काचही जास्त तापते. काटकसर एकीकडे ओढते, सारखेपणा दुसरीकडे. किती अंतरावर थांबायचं, हे त्या त्या प्रयोगाची गरज पाहून माणूसच ठरवतो.

एवढा पातळ थर पेलायला कार्बनचा आधार लागतो तेव्हा काचेवर आधी साबणासारख्या किंवा मिठाच्या विरघळणाऱ्या पदार्थाचा थर देतात, त्यावर कार्बन. मग काच तिरकी धरून पाण्यात हळूहळू उतरवायची. खालचा थर विरघळतो आणि कार्बनची फिल्म कडेपासून सुटत पाण्यावर पसरते. २० मायक्रोग्रॅमची ही फिल्म म्हणजे जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी. राखाडी, आरपार दिसणारी. मधे गोल छिद्र असलेली चौकट पाण्याखालून आणून दुधावरची साय उचलावी तशी ती उचलायची. काच घाईत बुडवली तर चीर, चौकट आडवी वर काढली तर छिद्रावर पाण्याचा थेंब अडकतो आणि सुकताना फिल्म खेचून फोडतो. तिरकं काढलं की पाणी एका कडेने ओघळून जातं. हे लिहून सांगता येतं, पण मनगटात यायला वेळच द्यावा लागतो.

जाडी मोजायला इथे मायक्रोमीटर चालत नाही; जबडे लागले की फॉइल संपली. अमेरिशियम-२४१ चे अल्फा कण ५.४८६ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेने निघतात. ते फॉइलमधून पाठवायचे आणि पलीकडे किती उरली ते पाहायचं. फॉइलला स्पर्श न करता जाडी कळते, आणि वेगवेगळ्या जागी मोजलं तर सारखेपणाही.

खरी दाद मात्र प्रयोगाच्या वर्णपटात वाचावी लागते. समजा, ३० एमईव्हीचा लिथियम-७ शिशाच्या टार्गेटवर आला आणि ९० अंशांत वळला. शिशावरून उसळला तर त्याच्याकडे सुमारे २८ एमईव्ही उरतात. ऑक्सिजनवरून आला तर १२ च्या आत, कार्बनवरून ८ च्या आसपास. म्हणजे शिसं उघडं राहून गंजलं असेल, त्यावर तेलाचा अंश बसला असेल, तर ते तिथे आकड्यांनिशी उभं राहतं. स्वच्छ टार्गेटचा वर्णपट पाहावा: एक उंच, अरुंद शिखर आणि खाली जवळजवळ मोकळं मैदान. कारागिराने काय काय येऊ दिलं नाही, ते त्या मैदानात दिसतं. मला ते मैदान शिखराइतकंच देखणं वाटतं.

इतरत्र या कामाला आणखी धार चढली आहे. जर्मनीत डार्मस्टाट इथे १९९४ साली ११० वं मूलद्रव्य सापडलं, ते शिसे-२०८ च्याच टार्गेटवर निकेलचा झोत सोडून. तिथल्या शिशाच्या थराखाली ४० मायक्रोग्रॅम कार्बन आणि वरून १० मायक्रोग्रॅमचं पांघरूण. ३२७ अंशांना वितळणारं शिसं झोताच्या उष्णतेत टिकावं म्हणून टार्गेट चाकावर बसवून फिरवत ठेवलं होतं. ११७ व्या मूलद्रव्यासाठी अमेरिकेतल्या ओक रिजमध्ये बर्केलियम-२४९ तयार झालं ते सगळं मिळून २२ मिलिग्रॅम, आणि सुमारे ३३० दिवसांत त्यातलं निम्मं आपोआप नाहीसं होणारं. रशियात ते टायटॅनियमच्या फॉइलवर चढवून २००९ मध्ये दुब्ना इथे झोतासमोर ठेवलं गेलं. तिथे हात चुकला असता तर दुसरा मणी नव्हता.

एवढं करून टार्गेट करणाऱ्याचा उल्लेख शोधनिबंधात बहुधा शेवटच्या आभारात, एका ओळीत येतो. मला हे अपुरं वाटतं. पद्धतीच्या परिच्छेदात जिथे जाडी, शुद्धता आणि आधार लिहिलेले असतात, तिथेच ते नाव यायला हवं, कारण पुढची प्रत्येक आकृती त्या ओळीवर उभी असते. आणि प्रयोग आटोपला तरी या माणसाचं काम संपत नाही. घंटेच्या भिंतीवरचा थर खरवडायचा, फाटलेल्या फॉइलचे तुकडे जमवायचे, आम्लात विरघळवून शुद्ध शिसे-२०८ पुन्हा वेगळं काढायचं आणि पुढच्या टार्गेटसाठी डबीवर वजन लिहून ठेवायचं.