‘त्या गावात आता कोण राहतं?’

‘मास्टर ऑफ ओरायन’ हा खेळ १९९३ साली आला, तेव्हा त्याची चित्रं ३२० बाय २०० ठिपक्यांची होती. २०२२च्या फेब्रुवारीत बाजारात आलेल्या ‘स्टीम डेक’ या हातात धरून खेळायच्या यंत्राचा पडदा १२८० बाय ८०० ठिपक्यांचा आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी बरोबर चौपट. जुन्या खेळाचा एक ठिपका नव्या पडद्यावर सोळा ठिपक्यांचा चौकोन होऊन बसतो, मध्ये कण उरत नाही. हा निव्वळ योगायोग. पण भाच्याने आणून दिलेल्या यंत्रावर मी हा हिशेब मांडला तेव्हा फार बरं वाटलं. मग लक्षात आलं, ग्रह चपटे दिसताहेत. जुन्या मॉनिटरवरचा ठिपका रुंदीपेक्षा उंचीला जास्त असे आणि चित्रकारांनी गोल काढले ते त्या मापाने. ग्रह गोल हवे असतील तर दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या सोडाव्या लागतात. मी सोडल्या.

स्टीव्ह बार्सिया यांच्या ‘सिमटेक्स’ने हा खेळ रचला, ‘मायक्रोप्रोज’ने प्रकाशित केला. खेळ पाळीपाळीचा. एक पाळी म्हणजे एक वर्ष, आणि सुरुवात इसवी सन २३००मध्ये. हाती एक मूळ ग्रह, त्यावर चार कोटी लोक, दोन टेहळणी याने आणि एक वसाहत-यान. त्या वर्षी ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ मासिकात ॲलन एमरिच यांनी या खेळाची ओळख करून देताना चार क्रियापदं वापरली: एक्सप्लोअर, एक्स्पांड, एक्स्प्लॉइट, एक्स्टर्मिनेट. पुढे या सगळ्या खेळजातीलाच ‘फोर-एक्स’ नाव पडलं. मराठीत मी म्हणेन: शोधा, पसरा, उपसा, संपवा. नावाचा उगम चावट विनोदात आहे, प्रौढांच्या चित्रपटांवर तीन एक्स असतात म्हणून इथे चार. विनोद विसरला गेला, क्रियापदं राहिली.

अशा खेळांवर एक टीका आता नेहमीची झाली आहे: ही वसाहतवादाची उजळणी आहे. मला ती अर्धीच पटते. मराठीत ‘वसाहत’ हा शब्द फार कामाचा. तो साम्राज्याला लागतो तसा गिरणी कामगारांच्या चाळींना लागतो, एमआयडीसीच्या शेडनाही लागतो. आणि या खेळाचा पूर्वार्ध खरोखर दुसऱ्या अर्थाचा आहे. इथले ताऱ्यांभोवतीचे मोकळे ग्रह खरेच मोकळे असतात. तिथे आधीपासून राहणारं, नकाशातून वगळलेलं कुणी नाही. यान उतरतं, लोक वाढतात, कारखाने उभे राहतात. प्रत्येक ग्रहाला पाच सरकपट्ट्या: जहाजं, संरक्षण, उद्योग, पर्यावरण, संशोधन. कारखाने वाढवले की घाण वाढते, ती उपसायला पर्यावरणाची पट्टी पुढे सरकवावी लागते. ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक बसवण्याइतकंच हे काम शांत आणि किचकट आहे. (ते ज्यांनी बसवलंय त्यांना ‘शांत’ हा शब्द पटणार नाही.)

अडचण मोकळे ग्रह संपल्यावर सुरू होते. तेव्हा शेजाऱ्याच्या ग्रहावर आपले लोक पाठवायचे. वेगळं सैन्य नाही. आपल्या ग्रहाच्या लोकसंख्येतूनच, फार तर निम्मी माणसं, वाहतूक-यानांत बसवायची. समोरूनही तिथली सगळी लोकसंख्याच लढते. पडद्यावर दोन्ही बाजूंना शिपायांच्या रांगा दिसतात आणि ते एकेक करून पडतात. एक शिपाई म्हणजे दहा लाख माणसं. एक बाजू पूर्ण संपेपर्यंत हे थांबत नाही. शरणागतीचं बटणच नाही. आपण जिंकलो तर उरलेले शिपाई त्या ग्रहाचे रहिवासी होतात. कारखाने मात्र जागच्या जागी मिळतात, आणि कधी कधी शत्रूचं एखादं तंत्रज्ञानही.

हे वाक्य मी पूर्वी कितीदा तरी खेळलो होतो आणि वाचलं नव्हतं. वाचलं ते आईमुळे. गेलं वर्षभर ती अंथरुणाला खिळून आहे. रात्रीच्या औषधांच्या मधल्या वेळात मी तिच्या खाटेशेजारी आडवा होऊन खेळतो. टेबलावरच्या संगणकावर खेळणाऱ्याची पाठ घराकडे असते. हातातलं यंत्र मात्र शेजारच्यालाही दिसतं. क्लॅकॉन नावाच्या किड्यांसारख्या जमातीचा ग्रह मी घेत होतो. तिने शिपाई पडताना पाहिले, ते संपले, पडद्यावर पुन्हा ग्रह आला. म्हणाली, “त्या गावात आता कोण राहतं?” मी म्हटलं, “आपले.” “आणि ते?” मी अंगठ्याने पुढची पाळी दिली.

सारीपाटात सोंगटी मरते आणि पुन्हा पट चालायला घेते. बुद्धिबळात मेलेलं प्यादं डब्यात जातं, पण त्या घरात राहत होतं असं कुणी म्हणत नाही. ‘ओरायन’ने लोकसंख्या मोजायला घेतली आणि म्हणून हा प्रश्न त्याला विचारता येतो. खेळाला नीती नाही असंही नव्हे. रोगजंतूंची अस्त्रं वापरली तर बाकीच्या जमाती चिडतात, संबंध बिघडतात. पण दहा-दहा लाखांच्या रांगा समोरासमोर कापून ग्रह रिकामा केला तर तसा बोभाटा होत नाही. मेलेले तेवढेच, फक्त पद्धत सभ्य. रचनाकाराने हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. प्रत्येक ग्रहावर एकच जमात ठेवली की हिशेब सोपा राहतो, आणि सोप्या हिशेबात बसत नाहीत ते लोक मरतात. सरकारी कागद चाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. ही रीत मला ओळखीची वाटली.

समर्थक म्हणतील, खेळ मतदानानेही जिंकता येतो. खरं आहे. दर पंचवीस वर्षांनी आकाशगंगेची परिषद भरते, सर्वांत मोठी दोन साम्राज्यं उमेदवार असतात, दोन-तृतीयांश मतं मिळाली की सम्राटपद. पण मतं लोकसंख्येच्या प्रमाणात आहेत. क्लॅकॉनांचा ग्रह घेतला की त्यांची मतं जातात आणि आपली वाढतात. चौथं क्रियापद मतपेटीतही आहे.

१९९६च्या दुसऱ्या भागात हे बदललं. जिंकलेल्या ग्रहावरचे लोक तिथेच राहतात, कुरकुरतात, बंड करतात, हळूहळू नव्या राज्यात मिसळतात. लोकशाहीत लवकर, हुकूमशाहीत उशिरा. जाणकारांमध्ये पहिला भाग श्रेष्ठ की दुसरा हा वाद जुना आहे. आखीवपणात पहिला सरस, हे माझंही मत. दुसऱ्यात एकेका इमारतीची देखरेख करताना जीव मेटाकुटीला येतो, आणि डेकच्या सात इंचांवर ती बारीक अक्षरं माझ्या चष्म्याला झेपत नाहीत. तरी जिंकलेल्या माणसाचं चित्र आपल्या माणसांच्या रांगेत, वेगळ्या तोंडवळ्याचं, काम करताना दिसतं, एवढ्यासाठी मी दुसरा भाग वरचा मानायला लागलोय. आटोपशीर खेळाला मी आयुष्यभर चांगला खेळ म्हणत आलो. आटोपशीरपणाची किंमत कोण देतं, हे मी कधी तपासलं नव्हतं.

त्यानंतर पहिल्याच भागाचा एक डाव मी मानवजात घेऊन खेळलो. तिला वाटाघाटी आणि व्यापार चांगला जमतो. एकही वाहतूक-यान शत्रूच्या ग्रहावर पाठवायचं नाही असं ठरवलं. उजव्या अंगठ्याखालच्या स्पर्शपट्टीवरून सरकपट्ट्या ढकलत सात रात्री गेल्या. यंत्राचं बटण दाबलं की डाव होता तिथे झोपतो, औषध देऊन आलं की जागा होतो. परिषदेत दोन-तृतीयांश मतं मला काही मिळाली नाहीत, प्रतिस्पर्ध्यालाही नाहीत. क्लॅकॉनांचा तोच हिरवट ग्रह नकाशावर होता. मी त्यावर बोट नेलं आणि यंत्र आईपुढे धरलं.

“किती आहेत?”

“आठ कोटी.”

“बरं. आता दिवा घालव.”