मुखपृष्ठावरून उठवलेला माणूस

'बीटल्स'ची गाणी ऐकण्याआधी आम्ही रेकॉर्डचे कव्हर न्याहाळत बसतो. १९६४ च्या 'अ हार्ड डेज नाइट' या चित्रपटाची इंग्लंडमध्ये निघालेली रेकॉर्ड पाहा. रॉबर्ट फ्रीमन यांनी टिपलेले चौघांचे प्रत्येकी पाच, असे २० कृष्णधवल चेहरे फिल्मच्या पट्टीसारखे ओळीने मांडलेले. रिचर्ड लेस्टर यांच्या त्या चित्रपटाची सारी धावपळ त्यात उतरली आहे.

तरी मान मिळतो तो १९६७ च्या 'सार्जंट पेपर'ला. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या दांपत्याने तिथे पुठ्ठ्याच्या माणसांची गर्दी उभी केली. त्यात मेरिलिन मन्रो आहे, लॉरेल-हार्डी आहेत, जॉर्ज हॅरिसनने सुचवलेले चार भारतीय योगीही आहेत. गांधीजीही होते. भारतात लोक दुखावतील, या धास्तीने ई.एम.आय. कंपनीने त्यांना काढायला लावले. लिओ गॉर्सी हा नटही गळाला, पण त्याने मोबदला मागितला होता म्हणून. गांधीजींनी काय मागितले होते?

नटनट्यांच्या मेळ्यात बापूंना पाहून आपल्यातले काही रागावलेही असते, हे आम्ही नाकारत नाही. पण तो राग आपण करायचा होता आणि आपणच गिळायचा होता. आपल्या वतीने कंपनी आधीच दुखावून मोकळी झाली. म्हणूनच ते कव्हर कितीही देखणे असले, तरी आम्हाला २० चेहऱ्यांचे साधे कव्हरच अधिक प्रामाणिक वाटते.