विमानी छायाचित्रांचें प्रामाण्य

जर्मनींतील अनेक शहरांत इमारतीचा पाया खणण्यापूर्वीं त्या जागेचीं युद्धकालीन विमानी छायाचित्रें तपासण्याची वहिवाट आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश व अमेरिकन विमानांनीं बाँबहल्ल्यांचा परिणाम पाहण्यासाठीं घेतलेलीं हीं छायाचित्रें आज जमिनींत रुतलेले बाँब शोधण्याचें एक मुख्य साधन झालीं आहेत. साधन समकालीन आहे. त्याच्या अस्सलपणाविषयीं वाद नाहीं. परंतु ‘छायाचित्रांत खूण नाहीं, सबब जागा निर्धोक’ असें अनुमान काढण्याचा जो मोह होतो, त्यास आमचा आक्षेप आहे.

फुटलेल्या बाँबचा खड्डा विस्तीर्ण असतो; न फुटलेल्याचें मात्र लहानसें विवर. तें ढिगाऱ्याखालीं, झाडांखालीं वा सावलींत लपतें. आणि छायाचित्र घेतल्यानंतर झालेल्या हल्ल्याची खूण त्यांत असणारच नाहीं. बखरकारानें एखादी लढाई गाळली म्हणून ती झालीच नाहीं असें आपण म्हणत नाहीं. मग येथेंच कां म्हणावें?

काळ लोटला म्हणून भय ओसरलें, ही समजूतहि निराधार आहे. बर्लिननजीक ओरानियेनबुर्ग येथें १५ मार्च १९४५ रोजीं ६०० हून अधिक अमेरिकन विमानांनीं हल्ला केला. त्यांतील पुष्कळ बाँब विलंबानें फुटणारे होते. कुपी फुटून ॲसिटोन सांडावें, त्यानें सेल्युलॉइडची चकती विरघळावी व मग चाप सुटावा, अशी त्यांची योजना. मऊ मातींत शिरलेला बाँब खालच्या कठीण थरास अडून उलटला, कीं ॲसिटोन चकतीपासून दूर ओघळतें. अर्धवट उरलेली चकती पुढें वर्षानुवर्षें ठिसूळ होत जाते. म्हणजे बाँब जितका जुना तितका अधिक धोक्याचा. ग्यॉटिंगेन येथें क्रीडागृहाच्या बांधकामाच्या जागीं सांपडलेला असाच बाँब १ जून २०१० रोजीं निकामी करण्यापूर्वींच फुटला व तिघे तज्ज्ञ मृत्यु पावले. म्यूनिकमध्यें १ डिसेंबर २०२१ रोजीं रेल्वेच्या कामावर जमिनींत भोंक पाडतांना २५० किलोंचा बाँब फुटून चौघे जखमी झाले.

आमचें मत असें कीं, खूण दिसल्यास छायाचित्र प्रमाण मानावें. न दिसल्यास निर्णय जमिनीवर सोंपवावा. जेथें हल्ला झाल्याचें इतर कागदांवरून सिद्ध आहे, तेथें लोहचुंबकीय मापकानें जमीन तपासल्यावांचून पाया खणूं नये. ह्यास खर्च व वेळ लागतो, हें खरें. परंतु साधनाच्या मौनाचा चुकीचा अर्थ लावल्यास आम्हां संशोधकांचा फार तर एक सिद्धांत कोसळतो. तेथें मात्र खणणाऱ्या मजुराचा जीव जातो.