युद्धपट आणि उत्साहाचा प्रश्न

युद्धपटांचे गुणविवेचन करताना सामान्यतः दोन कसोट्या लावल्या जातात. पहिली वास्तवतेची. रणभूमी, शस्त्रे, जखमा आणि आवाज यांचे चित्रण प्रत्यक्षाशी कितपत जुळते, हे तीत पाहिले जाते. दुसरी हेतूची. चित्रपट युद्धाचा पुरस्कार करतो की निषेध, यावरून त्याची योग्यता ठरविली जाते. या दोन्ही कसोट्यांना काही अर्थ आहे, यात संशय नाही. तथापि त्या पुरेशा आहेत काय, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेच्या मरीन दलातून १९९१ च्या आखाती युद्धात लढलेले अँथनी स्वॉफर्ड यांनी ‘जारहेड’ (२००३) या आत्मकथनात एक मार्मिक हकीकत नोंदविली आहे. १९९० च्या ऑगस्टमध्ये युद्धाची चाहूल लागताच त्यांच्या तुकडीतील सैनिकांनी व्हिएतनाम युद्धावरील चित्रपट आणून लागोपाठ पाहिले. हे चित्रपट जगभर युद्धविरोधी म्हणून नावाजलेले. पण त्या तरुणांना ते पाहून लढण्याचे स्फुरण चढले. कपोला यांच्या ‘अ‍ॅपोकॅलिप्स नाउ’ (१९७९) मधील हेलिकॉप्टरांचा हल्ला हे याचे ठळक उदाहरण होय. वाग्नेरच्या संगीताच्या तालावर एका खेड्यावर आग ओतणारा कर्नल दिग्दर्शकाला उपहासाचा विषय म्हणून अभिप्रेत आहे; पडद्यावर मात्र संगीत, गती आणि आकाशाचा विस्तार यांच्यापुढे उपहास मागे पडतो.

येथे दृश्य वास्तव आहे आणि हेतूही निषेधाचा आहे. तरीही परिणाम विपरीत होतो. फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो यांच्या नावे सांगितले जाणारे मत, की युद्धविरोधी म्हणविणारा चित्रपटही अखेर युद्धालाच आकर्षक करतो, ते याच अनुभवातून आले असावे. मग युद्धपट पाहण्यायोग्य होतो तो कशामुळे? या प्रश्नाचा विचार करण्यास भारतीय नाट्यशास्त्रातील एक जुना निर्बंध उपयोगी पडतो.

(१)

भरताने वीररसाचा स्थायीभाव ‘उत्साह’ हा सांगितला आहे. त्याच भरताने युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकाच्या द्वारे सूचित कराव्यात, असाही दंडक घातला आहे. या दंडकाचे कारण रंगभूमीच्या मर्यादेत शोधले जाते. चारदोन नटांकरवी सैन्याचा भास निर्माण करणे कठीण, हे खरेच आहे. परंतु या अडचणीतून नाटककारांनी जे साधले ते अडचणीपेक्षा मोठे आहे. ‘उत्तररामचरिता’च्या सहाव्या अंकात लव आणि चंद्रकेतू यांचे युद्ध विद्याधरांच्या जोडप्याच्या संवादातून कळते. ‘ऊरुभंगा’त भीम-दुर्योधनांचे गदायुद्ध तीन सैनिकांच्या तोंडून ऐकावयास मिळते, आणि दुर्योधन रंगभूमीवर येतो तो मांड्या मोडल्यानंतरच. पुढे नियम मोडून त्याचे मरणही दाखविले आहे. पण ज्या क्षणी गदा फिरत होती तो क्षण प्रेक्षकाला मिळत नाही. त्याऐवजी त्याला मिळतो तो पिता, पुत्र आणि पत्नी यांच्या समोर पडलेला एक राजा. उत्साहाची जागा अशा रीतीने करुणाने घेतली आहे.

चित्रपटावर असे कोणतेही बंधन नाही. तो हजारो माणसांची चढाई दाखवू शकतो, आणि दाखवावयास लागला की उत्साह आपोआप उत्पन्न होतो. त्यासाठी नायक धीरोदात्त असावा लागत नाही. पुढे सरकणारी माणसांची रांग, दृश्यांची चढत जाणारी लय आणि तोफांचा ठोका एवढे पुरे होते. म्हणून युद्धपटाच्या दिग्दर्शकापुढील खरा प्रश्न असा : माध्यमातूनच निर्माण होणाऱ्या या उत्साहाचे करावयाचे काय? ज्यांनी या प्रश्नाला उत्तर शोधले, त्यांचे चित्रपट पुनःपुन्हा पाहण्यासारखे झाले आहेत. ही उत्तरे एकसारखी नाहीत.

(२)

रेमार्क यांच्या १९२९ च्या कादंबरीवरून लुइस माइलस्टोन यांनी केलेला ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) हा बोलपटांच्या आरंभकाळातील चित्रपट. त्यात लढाई आहे आणि ती भव्यही आहे. मशीनगनचे तोंड आडवे फिरत जाते, तसाच कॅमेराही समांतर सरकतो आणि धावत येणारी माणसे एकामागून एक कोसळतात. बंदूक आणि कॅमेरा यांची गती एक झाल्यामुळे प्रेक्षक काही क्षण मारणाऱ्याच्या जागी उभा राहतो. हा अनुभव अस्वस्थ करणारा आहे. पण त्यात थरार नाही असे म्हणता येणार नाही. माइलस्टोन यांनी त्याला लगाम घातला तो दोन प्रकारांनी. पहिला असा की चढाई आणि प्रतिचढाई संपल्यावर दोन्ही सैन्ये जेथून निघाली तेथेच परत येतात. गतीला फळ मिळत नाही. दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आहे. मरणासन्न केमरिकचे उत्तम बूट त्याच्या सोबत्याला हवेसे वाटतात. ते त्याला मिळतात, तो मरतो, ते पुढच्याच्या पायांत जातात. माणसे बदलतात, बूट चालत राहतात. येथे दुष्टपणा नाही, कृतघ्नपणाही नाही. चांगले बूट वाया जाऊ नयेत, एवढाच साधा व्यवहार आहे. युद्धाने मृत्यूला व्यवहाराच्या पातळीवर आणून सोडले आहे, हे कोणत्याही भाषणाखेरीज कळते.

याच चित्रपटात तोफगोळ्याच्या खड्ड्यात पॉल एका फ्रेंच सैनिकाला भोसकतो आणि त्याच्या प्रेताशेजारी रात्र काढतो. त्या प्रसंगाचे बळ स्थिरतेत आहे. चढाईत शत्रू ही एक हालणारी आकृती होती. खड्ड्यात तिला चेहरा आहे आणि खिशात बायकोमुलीचे छायाचित्र आहे. बर्लिनमध्ये डिसेंबर १९३० मध्ये गोबेल्सच्या अनुयायांनी या चित्रपटाचे खेळ उधळले आणि काही दिवसांतच जर्मनीत त्यावर बंदी आली. पराक्रमाच्या कथेला यातील कोणता भाग जाचतो, हे त्यांना नीट उमगले होते असे दिसते.

(३)

झां रन्वार यांनी ‘ला ग्रांद इल्युजन’ (१९३७) मध्ये याच्या अगदी उलट वाट धरली. पहिल्या महायुद्धावरील या चित्रपटात लढाईचे एकही दृश्य नाही. फ्रेंच विमान पाडले जाते, ही कथेची आरंभीची घटना. पण ती पडद्यावर घडतच नाही. फ्रेंच तळावरून कथा एकदम जर्मन तळावर येते. विमान पाडणारा राउफेनश्टाइन सहज त्याचा उल्लेख करतो आणि वैमानिक अधिकारी असतील तर त्यांना जेवावयास बोलवा, असे सांगतो. प्रवेशकाचे याहून शुद्ध उदाहरण आधुनिक कलेत क्वचितच सापडेल. पुढे दुओमों किल्ला प्रथम जर्मनांनी घेतला, मग फ्रेंचांनी परत घेतला, पुन्हा जर्मनांनी घेतला, हे सारे युद्धकैद्यांच्या छावणीत केवळ वार्ता म्हणून येते. फ्रेंचांच्या विजयाची वार्ता येते त्या वेळी कैद्यांचे करमणुकीचे नाटक चालू असते. स्त्रीवेषातील इंग्रज अधिकारी डोक्यावरील टोप उतरवितो आणि सारे राष्ट्रगीत गाऊ लागतात. उत्साह येथे पूर्ण भरात आहे, आणि रन्वार त्याची कुचेष्टा करीत नाहीत. त्यानंतर थोड्याच वेळात किल्ला पुन्हा गेल्याची बातमी येते. कैद्यांचा उत्साह खरा होता. तो ज्या दगडमातीसाठी होता ती मात्र हातोहात फिरत राहिली.

लढाई वगळल्यामुळे रन्वार यांना जे पाहावयास अवकाश मिळाला ते म्हणजे वर्ग. फ्रेंच सरदारपुत्र द ब्वाल्दिअ आणि जर्मन सरदार राउफेनश्टाइन यांना परस्परांची भाषा, शिष्टाचार आणि खंत समजते. आपल्याच सैन्यातील कामगार मारेशाल किंवा ज्यू रोझेंताल यांच्याशी ब्वाल्दिअचे तसे जुळत नाही. तरीही त्याच दोघांना पळता यावे म्हणून तो किल्ल्याच्या तटावर बासरी वाजवीत पहारेकऱ्यांना गुंतवून ठेवतो आणि राउफेनश्टाइनच्याच गोळीने मरतो. शौर्य येथे आहेच. मात्र ते शत्रूचा जीव घेऊन सिद्ध होत नाही. मित्राच्या मरणानंतर राउफेनश्टाइन किल्ल्यातील एकुलते एक फूल खुडतो. एवढ्या एका कृतीत एका वर्गाचा अंत सूचित झाला आहे.

(४)

स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ (१९५७) या चित्रपटात लढाई आहे, पण ती चित्रपटाच्या मध्यापूर्वीच संपते आणि फसते. त्यानंतरचा भाग हा त्या फसगतीचा हिशेब होय. बढतीच्या आमिषाने जनरल मिरो एक अशक्य हल्ला पत्करतो. खंदकातून सारे सैनिक बाहेर पडत नाहीत, तेव्हा आपल्याच खंदकावर तोफा डागण्याचा हुकूम तो देतो. लेखी हुकुमावाचून तोफखान्याचा अधिकारी तो मानीत नाही. शेवटी भ्याडपणाच्या आरोपाखाली प्रत्येक कंपनीतून एक, असे तीन शिपाई निवडले जातात : एक चिठ्ठी टाकून, एक समाजाला नकोसा म्हणून, आणि एक आपल्या अधिकाऱ्याचा भ्याडपणा त्याला ठाऊक आहे म्हणून. लष्करी न्यायालयात लेखी आरोपपत्र नाही, कामकाजाची नोंदही नाही. कवटी फुटून बेशुद्ध पडलेल्या शिपायाला स्ट्रेचरला बांधून वधस्तंभापर्यंत नेले जाते आणि गोळी घालण्यापूर्वी जागे केले जाते.

हल्ल्याच्या दृश्यात कॅमेरा कर्नल डॅक्सबरोबर पुढे सरकतो आणि प्रेक्षकाच्या ठिकाणी उत्साह उत्पन्न करतो, हे कुब्रिक टाळत नाहीत. पण त्याच प्रकारची सरळ, संथ पुढे जाणारी गती ते वधाच्या मिरवणुकीला देतात. हल्ल्यात जी गती मोहक वाटली तीच येथे असह्य होते, आणि दोन्हींच्या मागे हुकूम देणारी माणसे तीच आहेत, हे ध्यानात येते. हम्फ्री कॉब यांच्या ज्या कादंबरीवर (१९३५) हा चित्रपट आधारला आहे, तिच्यामागे १९१५ मध्ये सुआं येथे गोळ्या घातलेल्या आणि १९३४ मध्ये निर्दोष ठरविलेल्या चार फ्रेंच कॉर्पोरलांची सत्यघटना होती. फ्रान्समध्ये हा चित्रपट प्रदर्शित झाला तो १९७५ मध्ये.

(५)

शोहेइ ओओका यांच्या कादंबरीवरून कोन इचिकावा यांनी काढलेल्या ‘नोबी’ (१९५९) या जपानी चित्रपटात उत्साहाला मूळचाच आधार उरलेला नाही. १९४५ साली फिलिपाइन्समधील लेयते बेटावर जपानी सैन्य मोडून पडले आहे. क्षयाने आजारी तामुरा याला पलटण ठेवून घेत नाही आणि इस्पितळही घेत नाही. पुन्हा नाकारले गेल्यास हातबाँबने जीव द्यावा, असा त्याला हुकूम आहे. माइलस्टोन यांचे बूट येथे पुन्हा भेटतात. भर पावसात वाटेवर टाकलेले बूट एक सैनिक उचलतो आणि आपले अधिक झिजलेले तेथे सोडतो; मागून येणारा तेच करतो; तामुरापर्यंत बूट येतात तेव्हा त्यांना तळ उरलेला नसतो. तो अनवाणी चालू लागतो. १९३० च्या चित्रपटात बूट टिकत होते आणि माणसे संपत होती. येथे दोन्ही संपत आहेत. पुढे नरमांसभक्षणापर्यंत जाणारी ही कथा बीभत्साची असूनही तिच्यात एक कोरडा विनोद आहे, आणि त्यामुळे ती केवळ किळस आणून थांबत नाही.

एलेम क्लिमोव्ह यांच्या ‘इदी इ स्मोत्री’ (१९८५) या सोव्हिएत चित्रपटात १९४३ चा बेलारूस आहे. हौसेने बंदूक घेऊन निघालेल्या फ्लोरा या मुलाच्या ठिकाणी आरंभी उत्साहच आहे. पुढे तो कोणाला मारीत नाही. पाहत राहतो, आणि पाहता पाहता त्याचा चेहरा म्हाताऱ्याचा होतो. बेलारूसमध्ये रहिवाशांसह जाळलेल्या ६२८ खेड्यांची नोंद चित्रपटाच्या शेवटी येते, ती त्या चेहऱ्यावरून वाचावयाची आहे.

(६)

हिंदी चित्रपटसृष्टीत १९६२ च्या चीनयुद्धावरील चेतन आनंद यांचा ‘हकीकत’ (१९६४) या दृष्टीने विचारार्ह आहे. विजयाची कथा येथे शक्यच नव्हती. लडाखच्या ओसाड उंचीवरील माघार, थंडी आणि एकाकीपण यांनाच दिग्दर्शकाने विषय केले. घरच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या जवानांचे गीत मदनमोहन यांनी चार गायकांच्या आवाजात बांधले आहे. त्यात शौर्याचा उच्चारही नाही, आणि चित्रपटातील युद्धाचे सर्वांत सत्य दर्शन बहुधा तेथेच घडते. अखेरचे गीत मात्र मृत सैनिकांच्या तोंडून देश मागे उरलेल्यांच्या हवाली करते आणि करुणाचे पुन्हा वीरात रूपांतर करते. पराभवाने खचलेल्या समाजाला त्याची गरज होती, हे मान्य करावयास हवे. कलाकृती म्हणून मात्र ‘हकीकत’चे बळ माघारीच्या दृश्यांत आहे, समारोपात नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. सर्व युद्धे सारखी नसतात. आक्रमणाला तोंड देणाऱ्याचा उत्साह हा दोष कसा मानावा? तो दोष नव्हेच. ब्वाल्दिअ, डॅक्स आणि लडाखमधील जवान यांच्या ठिकाणी धैर्य आहे आणि चित्रपट त्याचा मान राखतात. प्रश्न पात्राच्या उत्साहाचा नाही, प्रेक्षकाच्या उत्साहाचा आहे. पात्राला त्याची किंमत मोजावी लागते; खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला तो फुकट मिळतो. ही किंमत प्रेक्षकाच्या दृष्टीस आणून देणे, हे उत्तम युद्धपटाचे कार्य होय.

त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून करणे व्यर्थ आहे. शांततेसाठी आपण ‘ला ग्रांद इल्युजन’ काढला, तो गाजला आणि थोड्याच वर्षांत दुसरे महायुद्ध सुरू झाले, याची खंत पुढे रन्वार यांनीच व्यक्त केली आहे. चित्रपटाने युद्ध थांबत नाही. परंतु हुकूम कोण देतो, बूट कोणाच्या पायांतून कोणाच्या पायांत जातात आणि जिंकलेला किल्ला किती दिवस टिकतो, हे प्रश्न एकदा विचारावयास शिकलेला प्रेक्षक पुढच्या युद्धाची वार्ता वेगळ्या कानाने ऐकतो. युद्धपटाचे मूल्यमापन करताना वास्तवता आणि हेतू यांच्याबरोबर ही तिसरी कसोटीही लावली जाणे अगत्याचे आहे.