‘अपेक्षा’ आणि ‘पेक्षा’ : तिमाही निकालपूर्व लेखनाची भाषिक चिकित्सा

तिमाही संपून तंत्रज्ञान-कंपन्यांचे निकाल जाहीर व्हावयाचे असले, की वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानांवर एक विशिष्ट लेखनप्रकार दिसू लागतो. अमुक कंपनीचा महसूल किती वाढेल, नफ्याचे प्रमाण टिकेल की घटेल, गुंतवणूकदारांच्या अपेक्षा काय आहेत, ह्यांचे निवेदन त्यात असते. ह्या लेखनाचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने पुष्कळ झाला आहे. तो भाषेच्या अंगानेही व्हावयास हवा. कारण त्यातील मुख्य शब्दच संदिग्ध आहे आणि त्या संदिग्धतेची किंमत सामान्य वाचकाला रोख मोजावी लागते.

‘यंदा पाऊस बरा होईल अशी अपेक्षा आहे’ ह्या वाक्यात ‘अपेक्षा’ म्हणजे अंदाज. ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती’ ह्या वाक्यात तोच शब्द दंडकाचे रूप घेतो. तेथे भाकीत चुकलेले नसते, कोणी तरी कर्तव्यात उणा पडलेला असतो. ह्या दोहोंखाली एक तिसरा, अधिक जुना अर्थ आहे. संस्कृतातील ‘अप’ आणि ‘ईक्ष्’ ह्यांपासून सिद्ध झालेल्या ह्या शब्दाचा संबंधवाचक अर्थ ‘सापेक्ष’ व ‘निरपेक्ष’ ह्या शब्दांत टिकून आहे, आणि मराठीतील ‘पेक्षा’ हे तुलनावाचक शब्दयोगी अव्यय ‘अपेक्षा’ ह्याच शब्दाचे झिजलेले रूप होय. ‘अपेक्षेपेक्षा अधिक नफा’ असे लिहिणारा बातमीदार एकच शब्द दोनदा लिहीत असतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

निकालपूर्व लेखनातील दोषाचे मूळ येथे आहे. हे लेखन ‘अपेक्षा’ शब्द अंदाजाच्या अर्थी वापरते, बाजार मात्र त्याला ‘पेक्षा’च्या, म्हणजे तुलनेच्या अर्थी वागवतो, आणि निकाल लागल्यावर ‘अपेक्षाभंग’, ‘निराशा’ ह्या शब्दांनी जो निवाडा दिला जातो तो दंडकाच्या अर्थी असतो. तीन अर्थांमधला हा प्रवास एका शब्दाच्या आडून होत असल्यामुळे वाचकाला तो जाणवत नाही.

एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेल्या इन्फोसिस कंपनीने १२ एप्रिल २०१३ रोजी निकाल जाहीर करताना, २०१३-१४ ह्या वर्षात डॉलरमधील महसूल ६ ते १० टक्के वाढेल, असे सांगितले. आदल्या वर्षाची वाढ ५.८ टक्के होती. तेव्हा ह्या विधानात अधोगतीची वार्ता नव्हती. परंतु नॅसकॉम ह्या उद्योगसंघटनेने निर्यातवाढीचा अंदाज १२ ते १४ टक्के दिलेला होता, आणि सरलेल्या तिमाहीचा महसूलही विश्लेषकांच्या आकड्याहून कमी भरला होता. त्या एका दिवसात समभागाचा भाव सुमारे २१ टक्क्यांनी कोसळला. वर्षअखेरीस प्रत्यक्ष वाढ ११.५ टक्के झाली, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या वरच्या मर्यादेहूनही अधिक. एप्रिलमधील पडझड ही कंपनीच्या कामगिरीपेक्षा दोन आकड्यांमधील अंतराची होती.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील एनव्हिडिया ह्या चिप बनविणाऱ्या कंपनीचे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी तिने जाहीर केलेला तिमाही महसूल सुमारे ३० अब्ज डॉलर होता. एका वर्षात १२२ टक्के वाढ. तो विश्लेषकांच्या सरासरी अंदाजाहून अधिक होता. पुढील तिमाहीसाठी सांगितलेला ३२.५ अब्ज डॉलरचा आकडाही सरासरी अंदाजाच्या वरच होता. तरीही दुसऱ्या दिवशी भाव सुमारे ६ टक्क्यांनी उतरला. कारण काही विश्लेषकांचे अंदाज त्याहून चढे होते, आणि पूर्वीच्या तिमाह्यांत कंपनीने अंदाज ज्या अंतराने ओलांडले होते ते अंतरही आता हिशेबात धरले जात होते. छापील अपेक्षेच्या मागे एक न छापलेली अपेक्षा उभी असते, आणि भाव बहुधा त्या दुसरीशी बांधलेला असतो.

मग प्रश्न असा की, ही अपेक्षा कोणाची? निकालपूर्व लेखनातील लाडके वाक्य ‘८ टक्के वाढ अपेक्षित आहे’ असे असते. ‘अपेक्षित’ हे धातुसाधित विशेषण अपेक्षा बाळगणाऱ्याचा उल्लेख न करताही वाक्य पुरे करते, ‘कोणाला अपेक्षित?’ हा प्रश्न व्याकरण विचारीत नाही. प्रत्यक्षात तो आकडा म्हणजे मोजक्या विश्लेषकांच्या अंदाजांची सरासरी होय. टीसीएससारखी मुंबईची कंपनी वार्षिक वाढीचा आकडा स्वतः देत नाही, तेथे ही सरासरीच मापदंड बनते. जी कंपनी आकडा देते, तिच्याबाबत विश्लेषक तिच्याच सांगण्याचा आधार घेतात. रिचर्डसन, टिओ आणि वायसॉकी ह्या संशोधकांनी २००४ साली अमेरिकी कंपन्यांविषयी दाखवून दिले की, वर्षारंभी चढे असणारे अंदाज निकाल जवळ येता येता गाठण्याजोगे खाली येतात. आणि कंपनी किंवा तिचे अधिकारी निकालानंतर समभाग विकणार असतील तर हे विशेषेकरून घडते. एस अँड पी ५०० निर्देशांकातील साधारणतः चारपैकी तीन कंपन्या दर तिमाहीस नफ्याचा अंदाज ओलांडतात, ह्याचे नवल मग उरत नाही. परीक्षार्थीच्या सल्ल्याने उत्तीर्णतेची रेषा आखली, तर निकाल बरा लागणारच.

क्रियापदाच्या अर्थांतही असाच फेरफार होतो. कंपनीचे मूळ विधान संकेतार्थी असते: अमुक परिस्थिती राहिली तर वाढ अमुक मर्यादांच्या दरम्यान होईल. अमेरिकेच्या १९९५ च्या कायद्याने भविष्यविषयक विधानांना जे संरक्षण दिले, ते सोबत जोडलेल्या अर्थपूर्ण इशाऱ्यांच्या आधारावर. निकालपूर्व लेखात ‘तर’ गळतो, खालची मर्यादा गळते, आणि ‘कंपनी १० टक्के वाढणार’ असे स्वार्थी भविष्यकाळाचे वाक्य शिल्लक राहते. इंग्रजी ‘गाइडन्स’साठी योजलेला ‘मार्गदर्शन’ हा शब्द त्यात भर घालतो. मराठीत मार्गदर्शन गुरू शिष्याला करतो. येथे ज्याचा स्वार्थ गुंतलेला आहे तोच आपल्या भवितव्याविषयी बोलत असतो. ‘कंपनीचा स्वतःचा अंदाज’ हा साधा शब्दप्रयोग अधिक प्रामाणिक ठरेल.

ह्यावर असा आक्षेप येऊ शकेल की, मापदंडावाचून कोणत्याही आकड्याला अर्थ नाही, आणि अनेकांच्या अंदाजांची सरासरी हा उपलब्ध असलेला बरा मापदंड आहे. हा आक्षेप रास्त आहे. केन्सने १९३६ च्या ग्रंथात वृत्तपत्रीय सौंदर्यस्पर्धेचा दृष्टांत देऊन म्हटलेच आहे की, येथे स्वतःला कोण सुंदर वाटते ह्याला महत्त्व नसून सरासरी मत काय ठरेल हे ओळखावयाचे असते. दोष तुलनेत नाही. तुलनेला भाकिताचा वेष चढविण्यात आहे. ‘चांगले निकाल अपेक्षित’ हे वाचून निवृत्तिवेतनातील शिल्लक समभागांत घालणाऱ्या मनुष्यास असे वाटते, की निकाल चांगले लागले तर भाव चढेल. निकाल चांगले लागतात, भाव पडतो, आणि आपण फसविले गेलो अशी त्याची समजूत होते. वस्तुतः ते चांगलेपण त्याने दिलेल्या किमतीत आधीच जमा झालेले होते. वाक्याने एवढेच त्याला सांगितले नव्हते.

निकालपूर्व लेखनाकडून भविष्यज्ञानाची मागणी करणे अन्यायाचे होईल. परंतु प्रत्येक ‘अपेक्षित’च्या मागे ती कोणाची, कोणत्या तारखेची आणि कशाच्या ‘पेक्षा’ मोजलेली, हे तीन तपशील त्याने द्यावेत, ही मागणी न्याय्य आहे. अर्थविषयक मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी परिभाषेच्या याद्या तयार करण्याबरोबरच वाक्यांतील ह्या गाळलेल्या जागांचाही शोध घेणे अगत्याचे आहे.