इलेक्ट्रॉन भिंग : एका उपमेची चिकित्सा

ऋणाग्रातून उत्सर्जित झालेली इलेक्ट्रॉन-शलाका एका बिंदूवर आणणाऱ्या विद्युत् वा चुंबकीय क्षेत्राच्या रचनेस आपण ‘भिंग’ म्हणतो. अध्यापनात रुळलेल्या या उपमेची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

उपमा निराधार नाही. अक्षसममित चुंबकीय क्षेत्र भिंगाप्रमाणे कार्य करते, हे हान्स बुश यांनी १९२६ मध्ये दाखविले. त्याच पायावर क्नोल व रुस्का यांनी १९३१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. परंतु काचेच्या भिंगात किरण पृष्ठभागापाशीच वळतो, तर येथे इलेक्ट्रॉन संपूर्ण क्षेत्रात वळत राहतो. चुंबकीय भिंगात त्याची चाल कायम राहते, दिशा बदलते आणि प्रतिमाही अक्षाभोवती फिरते. शिवाय अभिसरणशक्ती क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असल्याने विद्युत्प्रवाह उलटविला तरी भिंग अभिसारीच राहते. साहजिकच, अपसारी भिंग जोडून दोष घालविण्याचा काचेतील परिचित मार्ग येथे खुंटतो.

गोल, स्थिर व अवकाशभाररहित क्षेत्रांत गोलीय विपथन अटळ आहे, असे शेर्त्सर यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले. हायडर, रोझे व उर्बान यांनी १९९८ मध्ये ते दूर केले, ते षट्ध्रुवी क्षेत्रे योजून, म्हणजेच गोलाकाराचा आग्रह सोडून.

तात्पर्य, उपमेने आरंभ करून दिला. पुढची वाट ती जिथे अपुरी पडली तिथून निघाली. विद्यार्थ्यांना ‘भिंग’ शिकविताना त्याची ही मर्यादाही शिकविणे अगत्याचे ठरते.